आधी पडून दाखव

रुपाली फड आमच्या कंपनीत आली तेव्हा पुण्यात जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणाऱ्या माणसाला नोकरी शोधावी लागत नसे. नोकरीच त्याचा पत्ता विचारत यायची. दोन हजार पाच-सहाचा तो काळ. मगरपट्ट्यात आणि हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या, आमची छोटी कंपनी मात्र येरवड्यात एका बँकेच्या वरच्या मजल्यावर चालायची. माणसं मोजकी आणि काम एकच, रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर.

रुपाली मूळची परळीची. वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकली आणि नोकरी लागल्यावरही तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. तिला माझ्या शेजारची खुर्ची मिळाली. मी अपेक्षा, नारायण पेठेतली, त्यामुळे नव्या माणसाकडे आधी संशयानं बघायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, "काय चाललंय?" ती म्हणाली, "कोड वाचायलेय." समोर बसणाऱ्या संतोषला त्या 'वाचायलेय'चं हसू आलं. रुपालीनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"तुमचीच फाइल वाचायलेय," ती म्हणाली. "यातली ही अट कधीच खरी होत नाही. माहीत आहे का तुम्हाला?"

संतोषनं उठून पाहिलं. खरंच होत नव्हती. त्यानंतर तिच्या बोलण्याला कुणी हसलं नाही.

आमच्या टीमचा प्रमुख होता बद्रीनाथ. आमच्याहून दहाएक वर्षांनी मोठा, कामात कडक आणि बोलण्यात तिखट. त्याला 'सर' म्हटलं की म्हणायचा, "सर शाळेत सोडून आलोय." त्या काळात पुण्यातल्या लहान कंपन्यांत टेस्टिंग म्हणजे शेवटच्या आठवड्यात दोन मुलांना बसवून बटणं दाबायला लावायची. बद्रीनाथनं मात्र पहिल्या दिवसापासून युनिट टेस्टचा आग्रह धरला होता. प्रोग्रॅमच्या प्रत्येक छोट्या तुकड्यासाठी एक छोटी टेस्ट लिहायची, आणि कोडमध्ये काहीही बदललं की सगळ्या टेस्ट पुन्हा चालवायच्या.

टेस्टमध्ये एखाद-दुसरं ठाम विधान असतं. त्याला असर्शन म्हणतात. उदाहरणार्थ, 'ए गटाच्या रुग्णासाठी बी गटाची पिशवी स्कॅन केली, तर प्रोग्रॅमनं ती नाकारलीच पाहिजे.' विधान खरं ठरलं तर टेस्ट पुढे जाते. खोटं ठरलं तर ती त्याच ओळीवर थांबते आणि तिथून एक हाक वर जाते, की इथे बिघडलंय. टेस्ट चालवणारं फ्रेमवर्क ती हाक झेलतं, काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं ते नोंदवतं, ती टेस्ट पडली असं म्हणतं आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढची टेस्ट घेतं. सगळ्या झाल्या की पडद्यावर एक पट्टी उमटते. सगळ्या पास असतील तर हिरवी, एक जरी पडली तरी लाल.

रुपालीला या व्यवस्थेचं फार कौतुक होतं. एकदा चहा पिताना ती मला म्हणाली, "किती समंजस आहे बघ हे. कॉलेजात आमचा प्रोग्रॅम पहिल्या चुकीलाच कोसळायचा आणि बाकी कुठे काय चुकलंय ते कळायचंच नाही. इथे एक पडली म्हणून बाकीच्यांची परीक्षा रद्द होत नाही."

"तू टेस्टवर कविता करणार बहुतेक," मी म्हटलं.

"करीन की. कुणी वाचणार असेल तर."

आमचं सॉफ्टवेअर नारायण पेठेतल्या एका धर्मादाय रक्तपेढीत बसणार होतं. रक्ताची पिशवी बाहेर द्यायची वेळ आली की तंत्रज्ञ तिचा बारकोड स्कॅन करणार, आणि गट जुळतो का, तपासण्या झाल्यात का, मुदत संपली नाही ना, हे प्रोग्रॅम बघून 'द्या' किंवा 'देऊ नका' असं सांगणार. काही आठवडे रक्तपेढीवाले तो नुसता जोडीला चालवून बघत होते. खरं काम अजून रजिस्टरवरच होत होतं. येत्या सोमवारी रजिस्टर बंद करून सगळं आमच्यावर सोपवायचं ठरलं होतं. आमचे मालक संभाजी सर खूश होते. ऑफिसात एका मोठ्या मॉनिटरवर टेस्टची पट्टी सतत दिसायची आणि ती कित्येक आठवडे हिरवीच होती. पाहुणे आले की सर त्यांना आधी त्या मॉनिटरपाशी नेत.

त्या आधीच्या बुधवारी सकाळी बद्रीनाथनं रुपालीला एक नवी टेस्ट लिहायला सांगितली. थोड्या वेळानं तिनं माझ्या खुर्चीला हात लावला.

"अपेक्षा, जरा इकडे बघ. मी काय लिहिलंय?"

मी वाचलं. तिनं लिहिलं होतं की ए गटाच्या रुग्णाला बी गटाची पिशवी दिली गेलीच पाहिजे.

"हे उलटं आहे," मी म्हटलं.

"मुद्दामच उलटं लिहिलंय. आता चालवते."

तिनं टेस्ट चालवली. पट्टी हिरवी आली.

"सेव्ह केलं नसशील," मी म्हटलं. तिनं माझ्यासमोर पुन्हा सेव्ह केलं, पुन्हा चालवलं. हिरवी. मग तिनं सगळं पुसून त्या जागी एकच विधान लिहिलं, की एक म्हणजे दोन. तेही हिरवं आलं.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "पण तुला मुळात उलटं लिहून बघावंसं का वाटलं?" मी विचारलं.

तिनं उजव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर धरला. त्यावर भाजल्याची जुनी खूण होती. "कॉलेजच्या लॅबमध्ये मीटर शून्य दाखवत होतं. मला वाटलं, वायरीत वीज नाही. वीज होती, मीटर बंद होतं. तेव्हापासून मीटर आधी चालू सॉकेटला लावून बघते. काटा हलला तरच त्याच्या शून्यावर विश्वास ठेवायचा. टेस्टचंही तेच. आधी पडून दाखव म्हणते, मग पास हो."

आम्ही दोघी बद्रीनाथकडे गेलो. तो संभाजी सरांसाठी सोमवारची तयारी करत होता.

"पट्टी हिरवी येतेय," रुपाली म्हणाली.

"अभिनंदन," मान वर न करता तो कोरडेपणानं म्हणाला. "तुला कुठला रंग हवा होता?"

"लाल. मी टेस्टमध्ये एक म्हणजे दोन असं लिहिलंय."

त्यानं मान वर केली. मग उठून आमच्या जागेवर आला, रुपालीची खुर्ची ओढून बसला आणि स्वतः ती टेस्ट चालवली. हिरवी पट्टी बघून तो कोड उघडत उघडत आत गेला आणि एका जागी थांबला. तिथलं कोड त्यानंच लिहिलेलं होतं.

आम्हालाही दिसलं. पिशवी तपासण्याचं काम प्रोग्रॅम मुख्य कामाच्या शेजारी, समांतर चालवायचा. अशा समांतर कामाला थ्रेड म्हणतात. बारकोड वाचणारं यंत्र आणि फ्रिजचं तापमान सांगणारं यंत्र एकसारखी माहिती पाठवत असायची, म्हणून तसं केलं होतं. रक्तपेढीत हे काम कुठल्याही कारणानं बंद पडता कामा नये, म्हणून बद्रीनाथनं त्या थ्रेडभोवती कुंपण घातलं होतं. आत काहीही बिघडलं तरी ते तिथेच झेलायचं, लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, एक ओळ लिहायची आणि काम चालू ठेवायचं. हेतू चांगलाच होता. पण आमची असर्शनं याच थ्रेडमध्ये तपासली जात होती. ती खोटी ठरली की हाक वर जायची ती त्या कुंपणापर्यंतच. फ्रेमवर्क आपल्या जागी हात पसरून उभं होतं, पण त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. आणि ज्याच्या कानावर काहीच येत नाही त्याच्या मते सगळं ठीकच असतं.

"म्हणजे या भागाच्या सगळ्या टेस्ट..." मी म्हटलं.

"शोभेच्या होत्या," बद्रीनाथ म्हणाला. मग रुपालीकडे वळून त्यानं विचारलं, "तू कसं दुरुस्त करशील?"

ती तयारच होती. "थ्रेडमधलं अपयश तिथे गिळायचं नाही, जपून ठेवायचं. टेस्टनं ते काम संपेपर्यंत थांबायचं. मग तेच अपयश टेस्टच्या स्वतःच्या हद्दीत आणून पुन्हा फेकायचं. फ्रेमवर्क तिथे झेलायला उभंच आहे. आणि तुमचं कुंपण राहू द्या, पण त्यानं यंत्राचे बिघाड झेलावेत. असर्शनला हात लावू नये."

"कर," तो म्हणाला आणि उठून तिची खुर्ची तिला परत दिली. "माझी परवानगी मागत बसू नकोस."

दुपारी जेवणानंतर रुपालीनं सगळ्या टेस्ट एकत्र चालवल्या. आधी एक म्हणजे दोनवाली चालवली; ती पडली, तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग बाकीच्या. मोठ्या मॉनिटरवरची पट्टी लाल झाली आणि ऑफिसात सगळे उभे राहिले.

"सोमवारी जायचंय आपल्याला," संतोष चिडून म्हणाला. "आजच हे उकरून काढायचं होतं?"

"मी फक्त झाकण उघडलं," रुपाली म्हणाली. "आत जे होतं ते आधीपासून होतं."

निदान एक बरं होतं. फ्रेमवर्कनं पहिल्या पडलेल्या टेस्टपाशी हातपाय गाळले नव्हते. सगळ्या टेस्ट घेऊन प्रत्येक पडलेल्या टेस्टचं गाऱ्हाणं त्यानं समोर मांडलं होतं, अपेक्षित काय आणि मिळालं काय यांसह. आम्ही ती आपसात वाटून घेतली. बहुतेक किरकोळ होती. कुठे अक्षर चुकलेलं, कुठे तारखेची मांडणी उलटी. संध्याकाळपर्यंत चिडचिड ओसरली आणि संतोषनं स्वतःहून चहा मागवला.

संतोषच्या वाट्याला आलेली एक टेस्ट मुदत संपलेल्या पिशवीबद्दल होती. तीत दोन असर्शनं होती. पहिलं, पडद्यावर अमुक मजकूर दिसला पाहिजे. दुसरं, पिशवी नाकारली गेली पाहिजे. टेस्ट पहिल्यावरच पडली होती, कारण मजकुरात एक शब्द वेगळा होता. संतोषनं तो नीट केला आणि म्हणाला, "झालं. स्पेलिंगचा घोळ होता."

"चालवून पाहिलीस?" रुपालीनं विचारलं.

"अगं, एका शब्दाचा फरक होता."

"पहिल्या विधानावर पडली की ती टेस्ट तिथेच थांबते. खालचं विधान तपासलंच गेलेलं नाही. त्याचं काय झालं ते आपल्याला माहीतच नाही."

संतोषनं खांदे उडवले, पण टेस्ट चालवली. ती पुन्हा पडली. आता दुसऱ्या ओळीवर. अपेक्षित: नाकारली. मिळालं: दिली.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. एका दात्याच्या रक्तातून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळे काढतात. तिन्ही पिशव्यांवर दात्याचा नंबर एकच, मुदत मात्र वेगवेगळी. तांबड्या पेशी महिनाभर टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. आमचा प्रोग्रॅम त्या नंबरावर पहिली सापडेल ती मुदत उचलत होता, आणि पहिली असायची तांबड्या पेशींची. सोमवारी रजिस्टर बंद झालं असतं तर खराब झालेल्या प्लेटलेट्सच्या पिशवीलाही प्रोग्रॅमनं 'द्या' म्हटलं असतं.

संतोष खुर्चीत मागे रेलला. "मी 'झालं' म्हटलं होतं," तो हळूच म्हणाला.

"आता खरंच होईल," रुपाली म्हणाली. "आता कळलं तरी काय दुरुस्त करायचंय ते."

संभाजी सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथला केबिनमध्ये बोलावलं. दार काचेचं आणि सरांचा आवाज मोठा, त्यामुळे ऐकायला प्रयत्न करावा लागला नाही.

"सापडलं ना? दुरुस्त केलं ना? मग सोमवारी जाऊ. त्यांना कशाला घाबरवायचं?"

"एक सापडलं," बद्रीनाथ म्हणाला. "इतके दिवस ज्या टेस्टवर विसंबलो त्या पडूच शकत नव्हत्या. या भागाची मला आज खात्री नाही. मी आज रक्तपेढीच्या डॉक्टरांना जाऊन सांगतो."

"काय सांगणार? तुमची चूक झाली म्हणून?"

"हो. झालीय माझ्याकडून."

सरांचा आवाज खाली आला. "मी येऊ का बरोबर?"

"नको. रुपालीला नेतो. आणि अपेक्षाला, तिला तिथली पार्किंगची जागा माहीत आहे."

रक्तपेढीच्या प्रमुख डॉ. जोगळेकर बाई साठीच्या होत्या. पांढरी सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि समोरच्याला बसा म्हणायच्या आधी घड्याळ बघायची सवय. बद्रीनाथनं काही न सजवता सांगितलं. कुंपण त्यानं घातलं होतं, टेस्ट खोट्या हिरव्या दिसत होत्या, आणि प्लेटलेट्सच्या मुदतीची चूक सापडली आहे. रुपालीचं नाव घेऊन त्यानं सांगितलं की हे हिनं शोधलं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुमचं यंत्र इतके दिवस पेपर न तपासताच मुलांना पास करत होतं."

"हो."

"आता ते तपासतंय हे कशावरून?" त्यांनी विचारलं. प्रश्न बद्रीनाथला होता, पण त्यानं रुपालीकडे पाहिलं.

रुपालीनं लॅपटॉप उघडून बाईंच्या टेबलावर ठेवला. "आपण सांगा, काय चुकीचं लिहू?"

बाईंनी चष्मा लावला. "लिहा, ओ गटाच्या रुग्णाला एबीची पिशवी चालते."

रुपालीनं तसं विधान लिहिलं आणि टेस्ट चालवली. पट्टी लाल झाली, खाली अपेक्षित काय आणि मिळालं काय ते उमटलं. तिनं विधान बरोबर केलं. पट्टी हिरवी झाली. बाईंनी आणखी एक चूक सांगितली, मग आणखी एक. प्रत्येक वेळी लाल. नंतर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "या माझ्याबरोबर."

त्यांनी आम्हाला आतल्या प्रयोगशाळेत नेलं. एक तंत्रज्ञ बाई पांढऱ्या टाइलवर थेंब टाकत होत्या. "ए गट ओळखायचं हे सिरम," डॉक्टर म्हणाल्या. "रोज सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी आम्ही हे माहीत असलेल्या ए गटाच्या रक्तावर टाकतो. रक्तानं दाणे धरले पाहिजेत. मग माहीत असलेल्या बी गटावर टाकतो. दाणे धरता कामा नयेत. दोन्ही झालं तरच ती बाटली त्या दिवशी वापरायची. काल चालली म्हणून आज चालेल असं आम्ही धरत नाही." त्यांनी रुपालीकडे पाहिलं. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

रुपालीनं अंगठा दाखवला. बाईंनी तो हातात घेऊन डॉक्टरच्या नजरेनं बघितला. "चांगला भरून आलाय," त्या म्हणाल्या.

परत केबिनमध्ये आल्यावर त्यांनी निर्णय सांगितला. रजिस्टर चालूच राहील. आम्ही खात्री झाल्यावर यायचं. तारीख आम्ही सांगायची, त्या विचारणार नाहीत. बद्रीनाथ उठला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "अहो, इथे माल विकायला रोज माणसं येतात. आपल्याच मालात खोट आहे असं सांगायला आजवर कुणी आलं नव्हतं. पुढच्या वेळी चहा घ्यायच्या बेतानं या."

बाहेर आल्यावर गाडीपाशी बद्रीनाथ थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोचरं बोलेल. तो रुपालीला म्हणाला, "काल तू माझ्याकडे आलीस तेव्हा भीती वाटली होती?"

"वाटली होती. कोड तुमचं होतं."

"तरी आलीस." एवढंच बोलून त्यानं गाडीचं दार उघडलं.

त्यानंतर टीममध्ये एक नियम झाला. कुणीही नवी टेस्ट लिहिली की आधी ती शेजारच्याला पाडून दाखवायची. सुरुवातीला सगळ्यांना कंटाळा यायचा. हळूहळू त्यातच मजा येऊ लागली, आणि सर्वांत चलाख चूक घालण्यात संतोष पटाईत निघाला. पुन्हा तपासताना बद्रीनाथला आणखी दोन टेस्ट खोट्या सापडल्या. त्यानं त्या स्वतः सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या, आणि त्या दिवसापासून टीममध्ये आपली चूक सांगायला कुणी कचरलं नाही. ते मी त्यानंतरच्या कुठल्याही मोठ्या कंपनीत पाहिलेलं नाही.

आमचं सॉफ्टवेअर रक्तपेढीत लागलं ते दिवाळीनंतर. पहिल्या आठवड्यात दुपारी ऑफिसचा फोन वाजला. रुपालीनं उचलला. पलीकडच्या तंत्रज्ञ बाई वैतागल्या होत्या. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अहो, तुमची सिस्टीम प्लेटलेट्सची पिशवी देत नाहीये. सारखं 'देऊ नका' म्हणतेय. इथे नातेवाईक थांबलेत."

"पिशवीवरची तारीख वाचून सांगता का?" रुपाली म्हणाली.

पलीकडे पिशवी उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "काल संपलीय. थांबा, दुसरी ताजी पिशवी घेते." पाठोपाठ बारकोड वाचल्याचा बीप ऐकू आला. "हिला 'द्या' म्हणाली."

रुपालीनं फोन ठेवला. बद्रीनाथ आपल्या जागेवरून बघत होता. तिनं त्याला काय झालं ते सांगितलं, तेव्हा तो खुर्चीतून उठला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं ते पुन्हा एकदा तिच्याकडून वदवून घेतलं, आणि टाळ्या वाजवायला सुरुवात संतोषनं केली.